राक्षसाच्या गोष्टीला हुंकारा

सन १९३४ च्या वैशाखात चोपड्याला सुकदेव मास्तरांनी एक कादंबरी लिहून संपवली. कादंबरी अद्भुत होती. तिच्यात एक राक्षस होता, एक राजपुत्र होता, एक पळवून नेलेली राजकन्या होती आणि या तिघांच्या मध्ये मास्तरांची भाषा उभी होती. तिला ओलांडून पलीकडे जाणं कोणाला अजून जमलं नव्हतं. मास्तरांच्या बायकोने, कुंदाबाईने, दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिला भाजी करपल्याचा वास आला.

घरमालक झुलाल आबा केळीबागाईतदार. त्यांनी बाडाचं वजन हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, पोथी मोठी शे, पन आयकी कोन?"

धुळ्यासारख्या शहरातून आलेला माणूस असले बोल कसे सहन करणार? मास्तर ताडकन म्हणाले, "उद्या दुपारी वाचतो. हुंकारा तुटला, तर हे बाड माझ्या हाताने पाणी तापवायच्या बंबात घालीन!"

इकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यांतला एकजण वाक्यावाक्याला 'हूं' म्हणतो. तो हुंकारा. तो थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचं. हुंकारा नाही म्हणजे समोरची मंडळी उठून गेली किंवा झोपली, असं धरायचं. त्या आळीत हुंकारा देण्याचा मान आबांच्या बहिणीचा, भिकुबाईचा. तिने हुंकारा दिला की सांगणाऱ्याच्या अंगात बळ येई, असं म्हणत.

रात्री मास्तरांना झोप लागली नाही. दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी निंबाच्या सावलीत बायका बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या होत्या. मास्तर खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले:

"जिच्या कमलदलसदृश नेत्रयुगुलाच्या कटाक्षमात्रे तपोधनांची समाधी भंग पावावी, जिच्या मंदगमनास पाहून राजहंसांनी सरोवरत्याग करावा, जिच्या कंठमाधुर्यापुढे…"

भिकुबाईने 'हूं' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. वाक्य संपेना. पान उलटलं, तरी मास्तर राजकन्येच्या हनुवटीपर्यंतच आले होते.

"मास्तर," ती शेवटी काकुळतीने म्हणाली, "मी हूं कोठे म्हनू? तुम्ही थांबतसच नही!"

"स्वल्पविरामाला म्हणा," मास्तर घाईने म्हणाले.

मग तिने मास्तरांच्या श्वासावर नजर ठेवली. ते श्वास घ्यायला थांबले की 'हूं'. हळूहळू लय बसली. हुंकारा असा ठेक्यात येऊ लागला की मास्तरांना भरून आलं. राजकन्येचे बाजूबंद संपवून ते कंबरपट्ट्याकडे वळले, आणि कौतुकाने वर पाहतात तो भिकुबाईची मान छातीवर! शेंगेचं टरफल ओठांना चिकटलेलं, आणि हुंकारा मात्र चालू.

"अक्का झोपली!" कुंदाबाई खुदकन हसली.

"मी जागीच शे," भिकुबाई दचकून म्हणाली. "डोया मिटेल शेतस, कान उघडा शेतस."

"मग राजकन्येने काय घातलंय?"

"लुगडं," भिकुबाई ठामपणे म्हणाली.

बायकांत हशा पिकला. आबांनी हात वर करून निवाडा दिला, "झोपमा दिधा तरी हुंकारा तो हुंकारा. तुम्ही सुटनात, मास्तर. वाचा."

मास्तर सुटले खरे, पण त्यांचा चेहरा पडला. झोपेतल्या हुंकाऱ्यावर तरलेली कादंबरी घेऊन आळीत हिंडायचं कसं? नवऱ्याचा तो चेहरा पाहवेना म्हणून कुंदाबाईने आपलं काहीतरी विचारलं, "अहो, तो राक्षस राहतो कुठे?"

"राहतो कुठे म्हणजे?" मास्तर चिडून म्हणाले. "लासूरच्या पुढे, सातपुड्यात. बाजाराच्या दिवशी खाली उतरत नाही. गर्दी सोसत नाही त्याला."

"हूं," भिकुबाई म्हणाली. जागेपणी.

मास्तरांनी बाडाकडे पाहिलं. बाडात राक्षसाचं पहिलं दर्शन 'प्रलयकालीन मेघमंडलासम' असं होतं. त्यांनी बाड मिटून मांडीखाली घातलं.

"परवा मात्र उतरला. राजपुत्र राजकन्येला घेऊन पळाला होता ना! पळत पळत आले ते केळीच्या बागेत शिरले."

"हूं. कोना बागमा?"

"आबांच्या."

"मन्हा बागमा?" आबा उठून उभे राहिले. "इचारं तरी का?"

"राक्षस मागे लागल्यावर कोण विचारतो, आबा?"

"आनि राक्षस? तोबी शिरना?"

"तो बांधावर बसला. आत मावेना. नुसता हात घातला."

"हूं," भिकुबाई पुढे सरकली. "कितला मोठा हात?"

"एकेक बोट गाडीच्या दांडीएवढं. केळीची पानं बाजूला सारत हात हळूहळू पुढे येतोय. ही दोघं पाण्याच्या पाटात पालथी पडलीत. राजकन्येला शिंक येतेय. राजपुत्राने तिचं नाक धरलंय. हात थांबला. बोटांनी चिखल चाचपला. राजकन्येचा पदर पाण्यावर तरंगत होता, त्याला करंगळी लागली…"

मास्तर थांबले.

'हूं' आलं नाही.

भिकुबाईच्या हातात शेंग होती, अर्धी फोडलेली. डोळे वाटीएवढे झाले होते. एकही शेंग फुटत नव्हती. आबा उभेच होते, बसायचं विसरून.

"अहो," कुंदाबाई हळूच म्हणाली, "हुंकारा तुटला!"

भिकुबाईने जीभ चावली. "माय वं! मी इसरनू!" घाबरून ती बायकी क्रियापदही विसरली.

आबा खाकरले. "बोलेल शब्द शे, मास्तर."

मास्तरांनी मांडीखालून बाड काढलं. एवढ्या वर्षांची मेहनत; पण हसू काही केल्या आवरेना. "शब्द म्हणजे शब्द," म्हणत ते आनंदाने उठले आणि न्हाणीघराकडे निघाले.

भिकुबाईने त्यांचं धोतर धरलं. "बंब कोठे जास? तो हात निघी जाई ना! बसा!"

मास्तरांना बसावं लागलं. राक्षसाचा हात बागेतून बाहेर निघेपर्यंत ऊन उतरलं. मग त्यांनी स्वतः बंब पेटवला. राजकन्येच्या नेत्रांनी चांगला जाळ धरला, कंबरपट्ट्यापर्यंत पाणी कढत झालं. कुंदाबाई शेजारी कोरे कागद आणि टाक घेऊन बसली होती, आणि 'बाजाराच्या दिवशी उतरत नाही' हे वाक्य आधी लिहा म्हणून मागे लागली होती.

तेवढ्यात आबा काठी टेकत दारात आले. पाणी कुठवर पोचलं ते पाहायला बागेत गेलो होतो म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "बांधजवळ केळीना दोन खोडं आडवी पडेल शेतस, मास्तर. उद्या जरा लवकर बसूत."