धुरकट डोळ्याची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा डावा डोळा अधू आहे, आणि त्या डोळ्यापायी एक माणूस जाता जाता राहिला.

पॅराग्वे नदीवरच्या एका बोटीच्या कप्तानाने मला घेतले होते. पाण्याखालचे वाळूचे पट्टे मी त्याला लांबून दाखवत असे. "हिच्यामुळे माझी बोट कधी रुतली नाही," असे तो चारचौघांत सांगायचा. पुढे मी त्याच्या मुलीकडे, रमोनाबाईंकडे आले. शाळेतली नोकरी संपल्यावर त्या मला गळ्यात अडकवून आसुन्सिऑन शहरातल्या उद्यानात पक्षी बघायला जात. मग त्यांचे गुडघे धरले, आणि मी दोन वर्षे दमट कपाटात पडून राहिले. तिथेच माझ्या डाव्या भिंगाला बुरशी लागली. गुडघे जरा बरे झाल्यावर त्या मला पुन्हा उद्यानात नेऊ लागल्या.

जानेवारी म्हणजे आमचा भर उन्हाळा. यंदा तर अंगाची लाही लाही होत होती. उद्यानात एका झाडावर मातीचे घरटे होते. आतली पिल्ले उन्हाने भाजतील, या धास्तीने रमोनाबाई मला घेऊन भर दुपारी निघाल्या. सोबत सत्तर वर्षांचा धाकटा भाऊ सिरिलो होता.

"ताई, पक्षी सावलीत गप्प बसलेत. उन्हात फिरणारे येडे आपण दोघंच."

"बडबड कमी कर, पाणी पी."

"ते कधीच संपलं. पलीकडून भरून आणतो." थर्मास घेऊन तो उद्यानातल्या तळ्याला वळसा घालून गेला.

बराच वेळ झाला, तो येईना. बाईंनी मला पलीकडे वळवले. सिरिलो बाकावर होता, हनुवटी छातीला टेकलेली.

"झोपला वाटतं," त्या पुटपुटल्या आणि मला पुन्हा घरट्याकडे नेले.

माझा जीव कासावीस झाला. उजव्या डोळ्याला त्याची जमिनीवर पडलेली टोपी दिसली होती, पण डाव्याच्या धुक्याने सगळे गढूळ केले होते. बाईंनी पुन्हा पाहिले. "काही कळत नाही मेलं," म्हणत त्यांनी डावा डोळा मिटला. तेव्हा त्यांना दिसले. ऊन थेट त्याच्या तोंडावर होते, आणि तो ते चुकवत नव्हता.

त्या धावल्या. मी त्यांच्या छातीवर आपटत होते.

तिथून जरा पुढे चिपा पाव विकणारी पोर्फिरिया, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, बसायची. हाक ऐकताच ती बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन आली. "बाई, हात सोडा त्यांचा. आधी सावलीत घेऊ." तिने ओली फडकी त्याच्या मानेवर, काखेत दाबली आणि रुग्णवाहिका बोलावली.

"सिरिलो, डोळे उघड. ऐक ना माझं."

खूप वेळाने त्याचे ओठ हलले. "ओरडू नकोस. पिल्लं घाबरतील."

तीन दिवस तो दवाखान्यात होता. नंतर बाईंनी मला चष्मे दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने भिंग पुसले, तरी कडेला डाग राहिलाच. "उशीर केलात," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, कोरड्या जागी ठेवा. आम्हाला हाक मारता येत नाही, फक्त दाखवता येते.

आम्ही आता सकाळीच उद्यानात जातो. सिरिलो लांबच्या सावलीत बसतो आणि तिथून ओरडतो, "ताई, पक्षी वर झाडावर आहेत."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणतात, आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून हलवत नाहीत.