बयानात नसलेला माणूस

दत्तरावांना तो चेहरा दिसला तेव्हा ते गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसले होते.

जिंतूरच्या पुढच्या डोंगरात ही कुंडं आहेत. आसपासचे लोक त्या जागेला नुसतं ऊनपाणी म्हणतात. आधी तिथं महादेवाचं देऊळ आणि दोन दगडी कुंडं, एवढंच होतं. आता कुणी तरी रिसॉर्ट काढलं होतं. टाइल लावलेले हौद, पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मधे पत्र्याची भिंत. माघाची थंडी होती आणि सकाळी पाण्यावर इतकी वाफ धरायची की हौदाच्या पलीकडचा माणूस दिसू नये.

दत्तराव पूर्णेचे. पस्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून आदल्या वर्षी रिटायर झालेले. उभं राहून राहून गुडघे कामातून गेले होते. मुलगा महारुद्र म्हणाला, दोन दिवस सगळेच जाऊ, तुमचे गुडघेही शेकतील आणि राजनंदिनीलाही डोंगर बघायला मिळेल. म्हणून तो, त्याची बायको अर्पिता, त्यांची सहा वर्षांची मुलगी राजनंदिनी, दत्तराव आणि दत्तरावांच्या पत्नी भिवराबाई असे पाचजण गाडी करून आले होते.

डोंगरावरून वाऱ्याची झुळूक आली, वाफ बाजूला झाली आणि समोरच्या पायरीवर एक माणूस दिसला. तिशी ओलांडलेला, काळासावळा, अंगानं काटक. उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत गालावर काळा लासा, जन्मापासूनचा डाग. दत्तरावांनी त्याला लगेच ओळखलं. हा माणूस चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीखाली मेला होता.

तेव्हा ते परळीहून पूर्णेला येणारी पॅसेंजर घेऊन निघाले होते. पौष महिना, सकाळचे साडेसहा, गंगाखेड सोडल्यावर गोदावरीचं धुकं रुळांवर पसरलेलं. पोखर्णीच्या अलीकडे दिव्याच्या उजेडात रुळावर बसलेला एक पोरगा दिसला. त्यानं मान वळवून इंजिनाकडं पाहिलं. तोच लासा, तेच डोळे. दत्तरावांनी हॉर्न दाबून धरला, ब्रेक लावला. पण भरलेली गाडी अशी जागच्या जागी थांबत नाही. थांबली तेव्हा इंजिन पार पुढं गेलं होतं. गार्ड मागं जाऊन बघून आला आणि म्हणाला, एक माणूस होता, गेला. दत्तराव खाली उतरले नाहीत. नंतर पोलिसांकडून नाव कळलं. लिंबाजी, मेंढ्या राखणारा. दत्तरावांनी बयान लिहून दिलं : इसम रुळावर बसलेला होता, हॉर्न देऊनही उठला नाही.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. साहेबांनी तसं सांगितलं, सोबतच्या ड्रायव्हरांनीही सांगितलं. पण त्यानंतर कुठंही धुकं दिसलं की त्यात तो चेहरा असायचा. दरवर्षी पितृपंधरवड्यात ते एक पान लिंबाजीच्या नावानं गच्चीवर ठेवायचे. भिवराबाई ते वाढून द्यायच्या आणि कोण लिंबाजी म्हणून कधी विचारायच्या नाहीत. त्यांना माहीत होतं.

दत्तराव कसेबसे हौदातून बाहेर आले. खोलीत येऊन कॉटवर बसले. महारुद्रानं विचारलं तर म्हणाले, गरम पाण्यानं चक्कर आली. अर्पितानं लिंबूपाणी आणलं, ते तसंच राहिलं. राजनंदिनी आजोबांना नाश्त्याला ओढायला आली. तिचा हात हातात घेतल्यावर त्यांना एकदम वाटलं, आपणच तर मेलो नाही ना, आणि म्हणून तो आपल्याला भेटायला आला नाही ना.

दुपारी त्यांनी भिवराबाईंना सांगितलं. भिवराबाई घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "मेलेलं माणूस पंचा पिळून वाळत घालत न्हाई. मी बघितलंय त्येला, देवळामागं. संग एक बाई हाय. सकाळी आमच्या हौदात होती. लय गरीब हाय. दरसाल गुडघ्यासाठी येते म्हणली, दीर आणतो." मग म्हणाल्या, "जाऊन इचारा. न्हाई तर आता ही जागा पण तुमच्या मागं लागंल."

देवळामागच्या जुन्या दगडी कुंडावर पैसे पडत नाहीत, म्हणून खेड्यातले लोक मुक्कामाला तिथंच उतरतात आणि सकाळी एकदाच तेवढं तिकीट काढून हौदात बसतात. दत्तराव तिथं गेले तेव्हा तो माणूस कुंडात पाय सोडून बसला होता. तेवढ्यात बाईचा आवाज आला, "चंद्रभान भावजी, पिशवी कुठं ठेवली?" त्यानं वर न बघता सांगितलं, लिंबाखाली.

चंद्रभान. लिंबाजी नव्हे. दत्तराव त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. गाव विचारलं. त्यानं गंगाखेडच्या अलीकडची एक वाडी सांगितली. मेंढरं आहेत म्हणाला, आता थोडीच राहिली.  मग दत्तरावांनी एका दमात सांगून टाकलं, की मी रेल्वेत ड्रायव्हर होतो, चौदा वर्षांपूर्वी पोखर्णीच्या अलीकडे एक पोरगा रुळावर बसला होता आणि त्याच्या गालावर तुझ्यासारखाच लासा होता.

चंद्रभानानं पाय पाण्यातून बाहेर काढले. पळून जाईल असं वाटलं, पण तो तसाच बसून राहिला. पाण्यातून वर येणारे बुडबुडे बघत म्हणाला, "मीच होतो, मामा."

"मग गेलं ते कोण?"

"दादा."

मग त्यानं सांगितलं. हळू, अडखळत, कारण हे त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. त्याच्या नजरचुकीनं मेंढरं कापलेल्या ज्वारीच्या रानात घुसली, जनावराला विषारी असलेले कोवळे फुटवे खाल्ले आणि बघता बघता अठरा मेंढ्या तोंडाला फेस येऊन मेल्या. थोरला भाऊ लिंबाजी यानं चार माणसांत त्याच्या मुस्काटात दिली.

"मारलं त्येचं काही न्हाई," चंद्रभान म्हणाला. "पण दादा मेलेल्या मेंढ्यांत बसून रडाया लागला. ते मला बघवंना. पहाटं उठून रुळावर गेलो. गाडी दिसली आन् पायातलं बळच गेलं. उठावं वाटलं तरी उठता येईना. दादा कुठून आला काय म्हाईत, उजव्या बाजूनं पळत आला, नाव घेऊन वरडला आन् मला दोन्ही हातांनी ढकललं. मी खाली खड्ड्यात पडलो."

दत्तराव म्हणाले, "मी डोळे मिटले होते."

हे त्यांनीही कुणाला कधी सांगितलं नव्हतं. गाडी अगदी जवळ आल्यावर त्यांनी डोळे मिटले होते, आणि उघडले तेव्हा पुढं नुसतं धुकं होतं. जे पाहिलंच नाही ते त्यांनी बयानात लिहून दिलं होतं.

चंद्रभान ज्वारीतून पळत घरी गेला आणि गोधडी ओढून पडला. खांदा निखळला होता, तो मेंढ्यानं धडक दिल्यानं निखळला असं सांगितलं. मग पोलीस आले. त्यांनी ड्रायव्हरचा कागद सगळ्यांपुढं वाचून दाखवला. "इसम बसलेला होता, उठला न्हाई. सगळ्या वाडीनं ऐकलं. मी पण ऐकलं. वाटलं, कागदानंच सांगून टाकलं, आता मी काय सांगू." दिवस गेले तसं सांगणं आणखी अवघड झालं. लोक लिंबाजीच्या बायकोला, दैवशालेला, बोलायला लागले. नवरा रुळावर जाऊन बसला, असं हिनं घरात काय केलं असेल? लेकरू नाही म्हणून बसला, हिच्या तोंडाला कंटाळून बसला. माहेरच्यांनीही तेच धरलं. चंद्रभानानं लग्न केलं नाही, वहिनीला सांभाळलं, दरसाल इथं आणलं. पण तोंड उघडलं नाही.

"वहिनीला तू सांगणार की मी सांगू?" दत्तरावांनी विचारलं.

"माझ्या तोंडून निघत न्हाई, मामा. चौदा वर्षं झाली, दरसाल इथं आलो की ठरवतो."

दैवशाला लिंबाखाली केस वाळवत बसली होती. शेजारी भिवराबाई होत्या आणि राजनंदिनी त्या दोघींना ओले दगड आणून देत होती. दत्तरावांनी नातीला आईकडं पाठवलं. मग ते दैवशालेसमोर खाली मातीत बसले, दुखणाऱ्या गुडघ्यांनिशी, आणि म्हणाले, "बाई, ती गाडी मी चालवत होतो. रुळावर बसलेला माणूस तुमचा नवरा नव्हता. मी चुकीचं लिहून दिलं."

दैवशालेनं केसांतून हात काढला. तिला आधी समजलंच नाही. मग विचारलं, "मंग बसलं कोण व्हतं?"

दत्तरावांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्यामागं उभा असलेला चंद्रभान म्हणाला, "मी."

 दैवशाला दिराच्या तोंडाकडं बघत राहिली. भिवराबाईंनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. मग एकच गोष्ट विचारली, "जाताना ते काही म्हणले का?"

"माझं नाव घेतलं आन् मला ढकललं. दुसरं काही न्हाई."

दैवशालेनं ओलं लुगडं घडी न घालताच पिशवीत कोंबलं, केस तसेच मोकळे ठेवून डोंगराच्या वाटेनं खाली उतरली आणि चारच्या एसटीत एकटीच बसली. चंद्रभान फाट्यापर्यंत तिच्यामागं गेला, पण गाडीत चढला नाही. दुसऱ्या दिवशी दत्तरावांची गाडी निघाली तेव्हाही तो फाट्यावरच बसलेला होता. महारुद्रानं सोडतो म्हणून विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर तो लासा असलेला चेहरा दत्तरावांना पुन्हा दिसला नाही. पण धुक्यात आता दुसराच कुणी तरी उजव्या बाजूनं पळत यायचा. त्याला चेहरा नव्हता. भल्या सकाळी दूध आणायला निघालेले दत्तराव गल्लीच्या तोंडाशी थांबायचे आणि तसेच परत फिरायचे. ज्याच्या नावानं इतकी वर्षं पान ठेवलं, त्याला आपण कधी पाहिलंच नाही, एवढंच ते भिवराबाईंना म्हणाले.

फाल्गुनात त्यांनी रेघी कागदावर नवीन बयान लिहिलं, सही केली आणि गंगाखेडला उतरून त्या वाडीवर गेले. दैवशालेनं कागद हातात घेतला नाही. म्हणाली, जिथं पहिला वाचला होता तिथंच वाचा. दत्तरावांनी पारावर उभं राहून तो मोठ्यानं वाचला. मी डोळे मिटले होते, हेही वाचलं. बसलेली माणसं खाली बघू लागली.  एक म्हातारी उठून दैवशालेजवळ आली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेली.

मग घरात चहा घेताना दत्तरावांनी विचारलं, लिंबाजीचा एखादा फोटो आहे का?

"मेंढरांमागं हिंडणाऱ्याचा फोटो कोण काढतंय," दैवशाला म्हणाली. "लग्नात एक काढला व्हता, तो मीच चुलीत घातला."

"कसे होते दिसायला?"

ती सांगायला लागली आणि थांबली.  "चौदा वर्षं त्येंच्यावर चिडून काढली, बाबा. तोंड आठवायचंच न्हाई असं मनाला सांगितलं. आता रोज आठवाया बसते. आवाज येतो, चाल येती. तोंड येत न्हाई."

दत्तरावांनी कप खाली ठेवला.  ती उठली, चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला आणि शेजारच्या बाईला हाक मारून तिच्या हाती दिला. चंद्रभान परत आल्यापासून मेंढवाड्यावरच राहत होता. ती त्याला दोन्ही वेळचं जेवण पाठवायची. बोलायची मात्र नाही.