सासूबाई आल्या

मिचोआकानच्या डोंगरावर फुलपाखरांचं अभयारण्य आहे. तिथं कुणी नुसतं कुजबुजलं तरी राखणदार एउफ्रोसिना डोळे वटारायची.

नोव्हेंबर लागला आणि केशरी फुलपाखरांनी झाडं लगडली. ती म्हणजे वर्षानं घरी येणारी आपली गेलेली माणसं, हे गावात पोरंसोरंही जाणून होती. त्यातलं एक थेट एउफ्रोसिनाच्या नाकावर बसलं.

"आई गं!" नवरा क्रेसेन्सियो पुटपुटला. "बघ, आई पहिली तुझ्याकडंच आली."

"येणारच. माझा छळ अर्धवट राहिला होता ना!"

तेवढ्यात फुलपाखरू उडालं, ते शेजारच्या चोनाच्या शालीवर जाऊन बसलं. एउफ्रोसिनाचं टाळकंच सरकलं. कालपासून खपून तिच्यासाठी मोलेचा रस्सा केला, वाट सापडावी म्हणून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, आणि म्हातारी चालली चोनाकडं?

"अहो सासूबाई, घर इकडंय!"

तिच्या आवाजानं जंगल दणाणलं. हजारो फुलपाखरं एकदम उठली, आभाळ केशरी झालं. चोना खिदळत गिरक्या घेऊ लागली, क्रेसेन्सियो टोपी उडवत नाचला. एउफ्रोसिनालाही हसू आवरेना.

"आता यातली आई कुठली गं?"

तिनं डोळे पुसत फांदीकडं बोट केलं.

"ती काय, माझ्याकडं पाठ करून बसलीय."