एकजात सोपे

बाईंनी माऊसचं बटण इतक्या जोरात दाबलं की शेजारी वह्या तपासणारे त्यांचे यजमान दचकले. पडद्यावर पुन्हा तोच हिरवा ठिपका. सोपा.

"हा सोपा? या प्रश्नापायी मी अख्खा रविवार घालवलाय."

"मशीनला कुठला आलाय रविवार?" सरांचं हसू मिशीत मावत नव्हतं. "माझे बघ. एकजात कठीण."

दोघंही एकाच शाळेत, दोघंही गणित शिकवणारे. नववीची एक तुकडी बाईंकडे, दुसरी सरांकडे. शाळेने यंदा प्रश्नपेढीचं सॉफ्टवेअर आणलं होतं. शिक्षकांनी आपले प्रश्न त्यात भरायचे, ते आपल्या वर्गाकडून संगणकावर सोडवून घ्यायचे, आणि किती मुलांना जमलं ते पाहून सॉफ्टवेअर ठरवणार, प्रश्न सोपा की कठीण. इथवर ठीक होतं. पण मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं की पेढीत सोप्या प्रश्नांची खोगीरभरती झाली आहे, सत्र संपताच ती काढून टाकायची. म्हणजे बाईंचे जवळजवळ सगळेच प्रश्न जाणार. उभ्या नोकरीत एकेक करून जमवलेले, घासूनपुसून ठेवलेले.

मग त्या हट्टाला पेटल्या. पाण्याच्या टाकीला आणखी एक गळका नळ बसवला. त्रिकोणाच्या पोटात वर्तुळ घातलं, वर्तुळाच्या पोटात चौकोन. मुलं थोडा वेळ पेन्सिली चावत बसली आणि सोडवून मोकळी झाली. हिरवा ठिपका काही हलेना. घरी सर जेवताना विचारत, "काय, आज टाकी भरली का कुणाची?" बाई त्यांच्या पुढ्यात आमटी आदळत.

शेवटी त्यांनी संगणकाच्या शिक्षकाला गाठलं. तो थंड डोक्याचा माणूस.

"असं करू," तो म्हणाला, "या चाचणीला तुमचे आणि सरांचे प्रश्न एकत्र करून दोन्ही तुकड्यांना एकच पेपर देऊ. निकाल तुकडीवार मिळेल. तुम्हाला दोघांनाही दिसेल."

चाचणी झाली. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई एकट्याच निकाल उघडून बसल्या. बाईंचे प्रश्न सरांच्या तुकडीत लालच लाल. आणि सरांचे ते नामांकित कठीण प्रश्न बाईंच्या तुकडीत ओळीने हिरवे. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तोच निकाल होता.

त्यांना इतका आनंद झाला की रिकाम्या खोलीत त्या स्वतःशीच हसल्या. आता जेवताना कुणाची टाकी भरते ते बघूच. छपाईच्या बटणावर त्यांनी बोटही नेलं. हा कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला की प्रश्न वाचलेच.

आणि सर? वर्गात घसा कोरडा पडेस्तोवर बोलणारा हा माणूस. 'माझे कठीण' म्हणताना किती खूश असायचा. बाईंना त्याची एकदम कणव आली, आणि अशी वेळ आणल्याबद्दल मशीनचा रागही आला. त्यांनी बोट मागे घेतलं, संगणक बंद केला आणि घरी गेल्या. त्या रात्री सरांनी टाकीची चौकशी केली नाही. बाईंना वाटलं, दमले असतील.

सोमवारी मुख्याध्यापिका जिन्यातच भेटल्या.

"बाई, तुमचा एकही प्रश्न काढायचा नाही हं. सकाळी सरांनी निकाल आणून दाखवला. म्हणाले, ठिपके प्रश्नांचे नव्हेत, शिकवणाऱ्यांचे आहेत."

"कुठले सर?"

"कुठले म्हणजे? तुमचेच."

बाई वर्गापाशी पोचल्या तेव्हा आत खसखस पिकली होती. शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे कोंबून, सर बसले होते. समोर कोरी वही. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, खडू उचलला आणि फळ्यावर वर्तुळ काढलं. वर्तुळ अंड्यासारखं आलं.

पहिली पायरी सांगून होते न होते तोच मागून एक हात वर झाला.

"बाई, हे कळलं नाही."

सगळा वर्ग मागे वळून बघू लागला. बाईंनी फळा पुसला.

"बरं केलंत, विचारलंत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.