दोन वर्गांमधली पातळ भिंत

मित्रांनो, मला भिंत म्हणायचं की नाही, यावरच लोकांचं एकमत नाही. मी प्लायवूडची. शहराच्या कडेला, नव्या इमारतींच्या गर्दीत एक जुनी सरकारी शाळा आहे. तिथे पहिली आणि सातवी या दोन वर्गांमध्ये मी उभी आहे. मोठ्या खोलीचे दोन वर्ग करायचे म्हणून एका सुताराने मला घाईघाईत ठोकलं. "तात्पुरती आहे," म्हणाला होता. त्याला आता नातवंडंही झाली असतील.

माझ्या एका अंगाला अक्षरांचे तक्ते, दुसऱ्या अंगाला नकाशे. खिळ्यांनी माझी पार चाळण झाली, चेंडू बसले, पण मी हूं की चूं केलं नाही. दुखायचं ते वेगळंच. नवे पालक आले की पहिलं बोट माझ्याकडे. "अहो, पलीकडचं सगळं ऐकू येतंय इथे!" आणि ते समोरच्या चकचकीत खाजगी शाळेकडे वळायचे. माझ्यापायी शाळेची अब्रू जाते, या विचाराने मी खचून गेले होते.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक आई पहिलीच्या वर्गात आली. तिची मुलगी सातवीत होती. "मुलीला इथून काढायचंय," ती बाईंना म्हणाली. "माझ्या ताईने समोरच्या शाळेत जागा मिळवलीय, आजच कळवायचंय. पोर घरी तोंडातून शब्द काढत नाही हो. शिकतेय तरी काय, देव जाणे!"

"मोठ्या बाई सातवीवर आहेत. तास संपेपर्यंत बसा."

आई चिमुकल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीचा आवाज माझ्यातून आला. "हा चेंडू म्हणजे चंद्र. खिडकी म्हणजे सूर्य. माझं डोकं ही पृथ्वी."

"पोकळ पृथ्वी!" कुणीतरी ओरडलं.

"पोकळ तर पोकळ, फिरते ना? बघा, उजेड चंद्राच्या अर्ध्या भागावरच पडतो. त्यातला कधी थोडा दिसतो, कधी सगळा."

"मग उरलेला जातो कुठे?"

"जाणार कुठे? तिथेच असतो, अंधारात. आपल्याला दिसत नाही, म्हणून काय नसतो?"

आईची मान गर्रकन माझ्याकडे वळली. इकडे बाईंचा खडू हातातच राहिला. पहिलीतल्या एका चिमुरडीने मूठ खिडकीसमोर धरली आणि ती हळूहळू गोल फिरू लागली. मग दुसरी, मग सगळा वर्ग. मित्रांनो, इतकी लहान मुलं आणि एवढी शांतता! माझ्या अंगावर काटा आला. अख्खं आकाश माझ्यासारख्या पातळ फळीतून आरपार गेलं होतं. आईनेही मूठ वर धरली होती.

"ही माझी पोर आहे," ती पुटपुटली.

"रोजच बोलते. मोठ्या बाई धडा समजावायला तिलाच उभं करतात," बाई हसल्या. "माझ्या वर्गाला माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकू येतं."

तास संपला आणि मोठ्या बाई आल्या. आईने डोळे पुसले. "उद्या काय शिकवणार?"

"उद्या? ग्रहण."

"मग उद्याही येते मी. इथेच बसते. ताईला सांगते, ती जागा आता नको."

मित्रांनो, मला पाडून पक्की भिंत बांधा, माझी ना नाही. या मुलांना ती मिळायलाच हवी. फक्त नुसता रंग बघून शाळेला नावं ठेवू नका. आधी त्या चिमुकल्या बाकावर तासभर बसा आणि पलीकडून काय येतं ते ऐका.