निकिताची वाक्यं

उज्ज्वला लग्न होऊन पांढरकवड्याजवळच्या त्या गावात आली, तेव्हा तिच्या मनात नणंदेविषयी बरंच काही ठरलेलं होतं. वणीला माहेरी ती एकुलती एक. रजतचं स्थळ आलं तेव्हा घरात आपल्याहून थोडी लहान नणंद आहे, एवढं ऐकूनच तिला अर्धं सासर आवडून गेलं होतं. "जरा वेगळी आहे ती," रजतनं लग्नाआधीच सांगितलं होतं. "डॉक्टर ऑटिझम म्हणतात. आपल्यासारखं बोलत नाही, पण समजते सगळं." उज्ज्वलानं ते ऐकलं आणि मनाशी म्हटलं, बोलती करू तिला. कोळशाच्या ट्रकांच्या घरघराटात वाढलेली मुलगी ती; दबक्या आवाजात बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

माप ओलांडून ती आत आली तर समोरच निकिता उभी. उज्ज्वलानं दोन्ही हात पसरले आणि तिला कवेत घेतलं. निकिता लाकडासारखी ताठ झाली आणि गोड, छापील आवाजात म्हणाली, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधत आहात, ती सध्या व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

जमलेल्या बायका फिस्सकन हसल्या. सासूबाईंनी, बेबीताईंनी, लेकीला घाईघाईनं आत नेलं. उज्ज्वलाही हसली, पण कुठंतरी लागलं तिला. पहिल्याच दिवशी आपली टिंगल झाली, असं तिच्या मनानं घेतलं.

पुढचे दिवस तसेच गेले. तिनं निकिताच्या ताटात प्रेमानं जास्तीची पोळी वाढली की निकिता ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसायची. केस विंचरायला घेतले की "भेटूया एका छोट्याशा ब्रेकनंतर" म्हणून उठून जायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. गप्पांचा तर प्रश्नच नव्हता. उज्ज्वला विचारायची एक आणि निकिता ऐकवायची हवामानाचा अंदाज.

मग डब्यांचा प्रकार झाला. निकिता आपल्या खोलीत होती, बाकी सगळे कापूस वेचायला शेतात गेले होते. उज्ज्वलानं विचार केला, सासूबाई येईपर्यंत स्वयंपाकघर चकचकीत करून ठेवू. डबे काढले, घासले, फडताळात पुन्हा लावले ते स्वतःच्या सोयीनं. तिखटाच्या जागी साखर, तुरीच्या डाळीच्या जागी चहापत्ती. बेबीताई शेतातून आल्या आणि मिक्सरवर वाटण काढायला लागल्या, तेवढ्यात निकिता पाणी प्यायला आत आली. फडताळापाशी थबकली.

"प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, पुन्हा, दर वेळी आवाज चढत गेला. उज्ज्वला तिला समजवायला लागली, तिचा हात धरला, मिक्सर तिकडं खरखरत होताच. निकितानं कान दाबून धरले, भिंतीशी खाली बसली आणि ओरडायला लागली. तसं ओरडणं उज्ज्वलानं कधी ऐकलं नव्हतं.

बेबीताईंनी मिक्सर बंद केला. उज्ज्वलाला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं, खिडकी ओढून घेतली आणि लेकीपासून थोडं अंतर राखून नुसत्या बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत, हात लावला नाही. आतला आवाज हळूहळू कमी झाला, मग थांबला.

उज्ज्वला मागच्या अंगणात तोंड लपवून रडत होती. बेबीताई येऊन तिच्या शेजारी टेकल्या.

"मले वाटते आई, तिले मी आवडतच नाई," उज्ज्वला म्हणाली. "आली तवापासून पाहतो, मले टोमणेच मारून राह्यली ते."

"टोमणे नाई व पोरी." बेबीताईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "तिले लहानपणी मी यवतमाळले न्यायची, शिकवाले. यस्टी कधी टायमावर येत नाई. आम्ही मायलेकी स्टँडवर बसून राहत होतो अन् ते भोंग्यावरची बाई बोलत राहे. सामानाची काळजी घ्या, सामानाची काळजी घ्या. तिथूनच उचललं तिनं. तिले आपले शब्द जुळवाले लय जड जाते. मंग ऐकलेलं आख्खं वाक्य उचलते. वाक्य दुसऱ्याचं असते, म्हणणं तिचं असते."

"म्हणजे आज..."

"आज ते म्हणे, माह्या वस्तू जागच्या हालल्या, मले भेव वाटून राह्यलं. अन् तू तिचा हात धरला."

उज्ज्वला सावरून बसली. मग तिनं विचारलं, "अन् पहिल्या दिवशी? फोनवरच्या बाईचं?"

"आता नको, मंग ये." बेबीताईंना हसू आलं. "मंग ये म्हणे ना ते. तू गेलीच नाई."

त्या संध्याकाळी उज्ज्वलानं सासूला विचारून विचारून डबे होते तसे लावले. निकिता दारात उभी राहून पाहत होती. शेवटचा डबा जागेवर गेला तशी ती आत आली, गटागटा पाणी प्यायली आणि निघून गेली.

त्यानंतर उज्ज्वलाला छंदच लागला. निकिताचं वाक्य आलं की ती बोलायचं सोडून ऐकायला लागायची. 'छोटासा ब्रेक' म्हणजे थकले, एकटं सोडा. 'बस फलाटावर लागली आहे' म्हणजे मी तयार आहे, चला. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं 'कृपया शांतता राखा' हे बहुतेक वेळा रजतच्या मोबाईलसाठी असायचं. काही वाक्यं मात्र कुणालाच उलगडत नव्हती, बेबीताईंनाही नाही. "राहू दे," त्या म्हणायच्या, "सगळंच काहून समजावं आपल्याले?"

एकदा दुपारी आईशी फोनवर बोलून झाल्यावर उज्ज्वलाला माहेरची फार आठवण आली. ती ओसरीवर डोळे पुसत बसली होती. निकिता आली, जरा घुटमळली, मग तिच्या पाठीला पाठ लावून बसली. तिचा तसा भार अंगावर घेताना उज्ज्वलाला इतकं बरं वाटलं, की ती हललीच नाही.

"हवामान खात्याच्या अंदाजानुसार," निकिता म्हणाली, "उद्यापासून आकाश निरभ्र राहील."

शेजारच्या शिकलेल्या काकू निकिताला 'स्वमग्न' म्हणायच्या. ऑटिझमला मराठीत तसंच म्हणतात, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. पण त्या दुपारनंतर तो शब्द तिच्या जिभेवर कधी आला नाही. घरात कोण रडतं, हे जिला भिंतीपलीकडून कळतं, ती स्वतःत मग्न कशी?

हिवाळ्यात वणीहून उज्ज्वलाच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं. सासरे, बापूजी, म्हणाले, "मी येतो तुमच्यासंग. तुही सासू राहीन घरी." पुढच्या लग्नाला बेबीताई जातील, बापूजी राहतील. निकिताला गर्दी सोसत नाही म्हणून ते दोघं वर्षानुवर्षं असंच वाटून घेत आले होते. एका पंगतीला दोघं शेवटचे कधी बसले, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

"निकिताले इचारलं का कोणी?" उज्ज्वलानं विचारलं.

कुणी विचारलं नव्हतं. उज्ज्वलानं माहेरहून त्या हॉलचे फोटो मागवले. दार, जिना, मंडप, जेवणाची जागा, एकेक फोटो निकिताला दाखवला. कुठं आवाज असेल, कुठं नसेल, सगळं सांगितलं. निकितानं फोटो दोनदा पाहिले. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना आलं, "वणीकडे जाणारी बस फलाटावर लागली आहे."

उज्ज्वलानं लगेच आईला फोन लावला. "आई, हॉलच्या वरची एक खोली पाह्यजे. चटई टाक, पंखा आवाज करनारा नको, लुकलुकता दिवा नको, अन् तिथं कोणी गोंधळ घालाचा नाई."

"पाहुणी येऊन राह्यली का कलेक्टर?" आईनं, शीलाताईंनी, विचारलं.

"माही नणंद येऊन राह्यली."

साखरपुड्याच्या दिवशी निकिता कानांवर मोठे हेडफोन घालून हॉलमध्ये शिरली. पहिली गाठ पडली ती उज्ज्वलाच्या बळीराममामांशी. मामांचे ट्रक कोळसा वाहायचे आणि मामांचा आवाज ट्रकावरून हाका मारून मारून कायमचा चढाच राहिला होता. "हे का उज्ज्वलाची नणंद? बोल ना बेटा काही," म्हणत त्यांनी निकिताच्या गालाला हात घातला.

निकिता मागं सरकली. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधत आहात, ती सध्या व्यस्त आहे."

मामांचा चेहरा पडला. उज्ज्वला पुढं झाली. "मामा, ते म्हणे आता नको, मंग बोलू. अन् अनोळखी माणसानं तुमचा गाल धरला तं तुम्ही काय म्हनसान?"

मामांनी आपल्या गालावरून हात फिरवला. "मी तं शिवीच देईन," ते म्हणाले आणि मोकळेपणानं हसले.

अंगठ्या होईपर्यंत निकिता बापूजींच्या शेजारी नीट बसली. मग डीजेवाल्यानं आवाज वाढवला, खुर्च्या थरथरायला लागल्या. "भेटूया एका छोट्याशा ब्रेकनंतर," निकिता म्हणाली आणि उठली. फोटोत पाहिलेला जिना तिनं बरोबर शोधला. मागोमाग उज्ज्वला वर गेली. खोलीत चटई होती, खिडकीला पडदा होता. निकिता भिंतीशी बसून हलके हलके डोलायला लागली. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. साखरपुड्याची नवरीच होती, जड शालू, डोक्यात पिनाच पिना. "फोटोवाल्यानं वैताग आणला," ती कुजबुजली. "मी बसू का इथं?" निकितानं बाजूला सरकून जागा केली. मग एक म्हातारी आत्या आली, तिच्या छातीत डीजे धडधडत होता. तिच्यामागं अंगावरचं लेकरू झोपवायला जागा शोधणारी एक बाई. सरतेशेवटी बळीराममामा आले. "डोस्कं उठलं ना बापा," त्यांनी दारातूनच सुरुवात केली.

"कृपया शांतता राखा," निकिता म्हणाली.

मामांनी तोंड मिटलं, चपला बाहेर काढल्या आणि शाळकरी पोरासारखी मांडी घालून बसले. खोलीभर माणसं होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. लेकरू झोपलं. नवरीनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. निकितानं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

बापूजी आणि बेबीताई घाबऱ्या चेहऱ्यानं शोधत वर आले, तर हे दृश्य. उज्ज्वला बाहेर आली आणि दोघांना जिन्याकडे वळवलं. "जा, जेवा दोघंही. मी आहे इथं."

"संगंच?" बेबीताई म्हणाल्या.

"संगंच."

खिडकीच्या फटीतून उज्ज्वलाला खालची पंगत दिसत होती. सुरुवातीला दोघं अवघडून बसले होते, कुणी उठायचं या विचारात. मग मठ्ठा आला, वांग्याची भाजी आली. बापूजींनी आपल्या ताटातली जिलेबी उचलून बायकोच्या ताटात ठेवली. बेबीताईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि ती खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी निकिता पार दुपारपर्यंत झोपली. कुणी तिचं दार वाजवू नये म्हणून उज्ज्वला ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसून राहिली. बेबीताई शेजारी येऊन बसल्या आणि वांग्याच्या भाजीत काय काय होतं, ते शेजारणीला तिसऱ्यांदा सांगू लागल्या, हळू आवाजात.

आठवड्याभरानं बळीराममामांचा फोन आला. उन्हाळ्यात त्यांच्या पोरीचं लग्न होतं आणि ते दोन हॉल पाहून आले होते. मामा चक्क हळू बोलत होते.

"उज्ज्वला, दोन्हीकडं वर खोली आहे. फोटो धाडतो. निकिताले दाखव, अन् तिले कोणती पाह्यजे ते इचार. मंग बयाना देतो."