चेहऱ्याची फ्रेम

मोहियोद्दीननं कोठीच्या खोलीचं किवाड हात जाईल एवढंच उघडलं आणि अंधारात चाचपडत फ्रेमच्या जाळीवर बोट टेकवलं. बोट चिकटलं. त्यानं किवाड लावून घेतलं आणि एक शिवी हासडली. ती पावसाला होती.

"वाळलं का, भाई?" ओसरीवरून पार्वतम्मानं विचारलं.

"वाळायलंय."

सकाळपासून तो हेच सांगत होता आणि सकाळपासून ते खोटं होतं. दिवाळी होऊन गेली तरी उदगिरातली झड उघडायला तयार नव्हती. मेला पाऊस पेरणीच्या वेळी तोंड दाखवत नाही, आणि आता पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला होता. भिंतींना ओल आली होती. उन्हाळ्यात चहा पिऊन होईस्तोवर कोरडं होणारं इमल्शन आज ओल्या चिकणमातीसारखं जाळीला धरून बसलं होतं.

स्क्रीन छपाईची रीत साधी. जाळीवर इमल्शन लावायचं, अंधारात खडखडीत वाळवायचं, वर फोटोची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागेल तेवढं घट्ट होतं, बाकीचं पाण्यानं निघून जातं आणि तिथून शाई उतरते. पण आत ओल राहिली की उजेडाचं काही चालत नाही. धुताना सगळंच निघून येतं, आणि फोटोचे बारीक ठिपके आधी जातात.

अक्षरांची फ्रेम झाली होती. 'रुद्रेश, घर सोडून गेला आहे', खाली गावाचं नाव आणि फोन नंबर, सगळं जाड ठशात. मांजरपाटाचे तुकडे छापून दोरीवर टाकले होते. वरची अर्धी जागा कोरी होती, चेहऱ्यासाठी. चेहऱ्याची जुनी जाळी फाटली होती, म्हणून नवी करणं आलं.

रुद्रेशची माय पार्वतम्मा दरवर्षी याच दिवसांत यायची. तिच्या गावची ऊसतोडीची टोळी ट्रकनं निघायची, आणि जाणारं प्रत्येक माणूस एकेक तुकडा सोबत नेऊन कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या वाटेवर बांधायचं. समोरचा फ्लेक्सवाला अर्ध्या तासात फोटो काढून देत होता. पण फ्लेक्स बांधला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यावर दिसतो. छापलेल्या चिंधीला कुणी हात लावत नाही.

ट्रक आज दिवस मावळायला निघणार होता.

"औंदा नुसती अक्षरं जाऊ द्या की," मोहियोद्दीनची बायको जन्नतबी म्हणाली. "पुढच्या साली चेहरा टाकू."

"न्हाई गं बाई. चेहरा पायजे."

मोहियोद्दीन उठला. त्यानं शेगडीत निखारे घातले, ती कोठीत नेऊन ठेवली आणि पंखा लावला. शेगडीवर झाकण ठेवलं, उजेड नको म्हणून. खिडकीच्या फटीतून दिवस दिसत होता. त्यानं ओसरीच्या कडेचं पोतं उचललं आणि खिडकीवर ठोकलं.

"अजी, वारा कुठून जाईल?" जन्नतबी म्हणाली. "आणि ते पोतं भायेर होतं."

"तू गप बस. उजेड लागला तर सगळंच गेलं."

उतावळेपणा वाईट, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर त्यानं गिऱ्हाइकांना हेच सुनावलं होतं. पण ओसरीवर ती बाई बसली होती, आणि दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघत होती.

दुपार कलल्यावर त्यानं पुन्हा बोट टेकवलं. चिकटलं नाही. खोली भट्टीसारखी तापली होती.

"झालं बघा!" तो ओरडला. फिल्म लावून त्यानं फ्रेमला उजेड दाखवला आणि ती मोरीत उभी केली. पाण्याची बारीक धार सोडली. आधी केस आले. मग डोळे उमटले, नाकाचा शेंडा आला. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला पोरसवदा चेहरा जाळीवर हळूहळू उघडायला लागला. पार्वतम्मा मोरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आला," ती म्हणाली. "आला माझा राजा."

तेवढ्यात हनुवटीकडून इमल्शन सुटलं. मोहियोद्दीननं धार बंद केली, पण सुटलेलं थांबेना. गाल सरकला, तोंड सरकलं, डोळे खाली ओघळले, आणि जाळी नव्यासारखी कोरी झाली.

जन्नतबीनं कोठीत जाऊन पोत्याला हात लावून पाहिला. ते अजून ओलंच होतं, आणि पंखा दिवसभर त्याची वाफ खोलीत फिरवत होता. इमल्शननं नुसती वरून साय धरली होती, आत ते ओलंच राहिलं होतं.

चौकातून ट्रकचा हॉर्न आला.

"अक्षरं मोठी हायत, अम्मा," मोहियोद्दीन म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "लोक वाचतील. कुणीतरी फोन करील."

"लोकायसाठी न्हाई ओ, भाई." तिचा आवाज साधाच होता. "लोकायला काय पडलंय? त्यो कुठंतरी उसाच्या फडातच आसंल. जाता-येता सोताचा चेहरा दिसला तर थांबंल, म्हणंल, माय अजून हुडकायलीय. अक्षराचं त्यो काय करंल? त्याला वाचता येत न्हाई. शाळेच्या वयात आम्हीच फडावर नेलं त्याला."

मोहियोद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यानं ही चिंधी छापली, आणि ती कुणी बघायची आहे हे कधी विचारलं नव्हतं.

पार्वतम्मानं दोरीवरचे तुकडे एकेक करून काढले, घड्या घातल्या. जन्नतबीनं ते भिजू नयेत म्हणून प्लास्टिकची पिशवी आणून दिली, आणि न राहवून विचारलं,

"मग हे तरी कशाला नेता, अक्का?"

"माणसं ट्रकपाशी थांबलीत," पिशवी पदराखाली धरत पार्वतम्मा म्हणाली. "मोकळ्या हातानं गेले तर म्हणतेल, मायनं बी सोडलं."